एजंट नेमका कुणाचा, ते आधी विचारा

ताई,
आम्ही दमाणी नगरात भाड्यानं राहतो. मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत आहेत, मी शाळेत शिकवते. जुळे सोलापुरात बारा वर्षं जुन्या अपार्टमेंटमधला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके आम्हाला आवडलाय. मालक ४८ लाख सांगतोय. एजंट म्हणतो, “सत्तेचाळीसला बसवून देतो, पण पुण्याची पार्टी रविवारी बघायला येतेय, त्याआधी टोकन द्या.” तो आमच्याकडून एक टक्का घेणार आणि मालकाकडूनही एक टक्का. मिस्टरांचा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, घर घेणाऱ्यानं आपला वेगळा एजंट ठेवायचा असतो. सासरे म्हणतात, एक दलाल कमी पडला म्हणून आता दुसरा आणायचा का? तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, दमाणी नगर

आधी रविवारचं मिटवू. पुण्याची पार्टी येते तर येऊ द्या. मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर होते तेव्हाही ही पार्टी रविवारीच यायची. कधी हैदराबादहून, कधी नुसतीच ‘दुबईवाले’ म्हणून. क्वचित ती खरीही निघते. निघू दे. तिनं हा फ्लॅट उचलला म्हणून जुळे सोलापुरात टू बीएचकेचा दुष्काळ पडणार नाही. आसरा चौकातून निघा आणि सैफुलपर्यंत एक चक्कर मारा, ‘विकणे आहे’च्या पाट्या वाचून कंटाळाल. घाई तुम्हाला नाही, एजंटाला आहे. ती का आहे, ते कळलं की तुमच्या पत्राचं निम्मं उत्तर मिळतं.

हा एजंट वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, मला तो माहीतही नाही. पण त्याचा हिशेब मांडून बघा. ४७ लाखांना सौदा झाला तर तुमच्याकडून ४७ हजार, मालकाकडून ४७ हजार, मिळून ९४ हजार. समजा, त्यानं तुमच्यासाठी मालकाशी आठ-पंधरा दिवस घासाघीस केली आणि भाव ४५ वर आणला. मग त्याला मिळणार ९० हजार. म्हणजे पंधरा दिवस चपला झिजवून, मालकाचा रोष पत्करून चार हजार कमी! कोण करेल? तुमचे मात्र यात दोन लाख वाचतात. आणि हे दोन लाख तुम्ही खिशातून देणार नाही आहात, कर्जातून देणार आहात. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं फेडले तर दोनाचे चार लाखांच्या वर जातात.

तेव्हा दोन्हीकडून कमिशन घेणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, सौदा व्हावा आणि लवकर व्हावा. तो तुम्हाला लुबाडत नाही, पण तुमच्यासाठी भांडतही नाही. त्यात मालक बहुधा त्याचा जुना गिऱ्हाईक असतो, पुढचा फ्लॅटही त्याच्याचकडे विकायला देणारा. तुम्ही एकदा घर घेणार आणि वीस वर्षं त्याला तोंड दाखवणार नाही. दोन डगरींवर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाचा भार कोणत्या पायावर जास्त, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: होय, आपला एजंट ठेवा. पण तो खरोखर आपला असेल तरच. म्हणजे त्याचे पैसे फक्त तुम्ही देणार, ते किती हे आधी लिहून ठेवणार, आणि “हे घर घेऊ नका” म्हटल्यानं त्याचं नुकसान होणार नाही. यातलं एक जरी नसलं तरी सासऱ्यांचं म्हणणं खरं, नुसता दुसरा दलाल आणल्यासारखं होईल.

सासऱ्यांचा मुद्दा उडवून लावू नका, हेही सांगते. त्यांच्या पिढीनं प्लॉट घेतले ते ओळखीतून. मध्यस्थ एकच असायचा, पण तो दोन्ही घरांत जेवायला येणारा असायचा, फसवलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा उरत नसे. ती शरम हाच त्या काळचा करार होता. आज फ्लॅट दाखवायला येणारा पोरगा मालकाला दोनदा भेटलेला असतो आणि तुम्हाला एकदा.

राहिला दुप्पट दलालीचा हिशेब. दोन एजंट आले की साधी रीत असते, ज्याची पार्टी त्याचं कमिशन. मालकाचा एजंट मालकाकडून घेतो, तुमचा तुमच्याकडून. तुम्ही दोघांना द्यायचं नसतं. पण हे घर बघायला जाण्याआधी बोलायला लागतं: “आमचा माणूस आमच्याबरोबर आहे, तुमचं कमिशन तुम्ही मालकाकडून घ्या.” फोनवरच सांगितलं की बहुतेक जण “बरं” म्हणतात. बघून, आवडून, चहा पिऊन झाल्यावर सांगितलं की मात्र तोंड वाकडं होतं, आणि ते बरोबरही आहे. तुमच्या फ्लॅटच्या बाबतीत तुम्ही नेमक्या याच टप्प्यावर आहात. त्यावर पुढे बोलते.

अमेरिकेतल्या भाऊजींचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. तिकडे घेणाऱ्याचा वेगळा एजंट असण्याची पद्धत रुळलेली आहे. मात्र वर्षानुवर्षं त्याचेही पैसे बहुतेक वेळा विकणाऱ्यानं दिलेल्या कमिशनमधूनच निघत. म्हणजे नाव तुमचं, पगार पलीकडचा. त्यावरून मोठे खटले झाले. तडजोडीनंतर ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या रिअल्टरांच्या संघटनेला नियम बदलावे लागले. आता घर दाखवायला नेण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करायचा आणि त्यात एजंटाची फी स्पष्ट लिहायची. एवढ्या मुरलेल्या बाजारातही ‘एजंट कुणाचा आणि पैसे कोण देतो’ हे कागदावर यायला कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्याकडे तशी सक्ती नाही, तेव्हा कागद तुम्हालाच करून घ्यायला हवा.

आता असा माणूस पैसे घेऊन करतो काय?

पहिलं काम भावाचं. मालक ४८ म्हणतो ते कशावरून? शेजारच्यानं ४८ ला विकला म्हणून. शेजारच्यानं विकला का आणि कितीला, हे बघता येतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये दस्त शोधता येतात आणि सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, त्यात व्यवहाराची रक्कम, क्षेत्रफळ, तारीख असते. चांगला एजंट तुमच्याच इमारतीतले आणि आजूबाजूचे दोन-तीन वर्षांतले दस्त काढून समोर ठेवतो. ‘मार्केट चाललंय’ या दोन शब्दांपेक्षा ते कागद मालकाच्या टेबलावर जास्त वजन टाकतात. मालकाचा एजंट हे कागद काढणार नाही. काढले तरी त्यातला सगळ्यात महागडा तेवढा दाखवेल. मात्र इंडेक्स टूवरचा आकडा कधीकधी खऱ्यापेक्षा कमी असतो, कारण वरचे पैसे रोखीत दिलेले असतात. कोणता आकडा धरायचा आणि कोणता सोडायचा, हे त्या भागात रोज वावरणाऱ्याला कळतं, तुम्हा-आम्हाला नाही. (तुमच्याकडे कुणी “दहा रोख द्या” म्हणालं तर सरळ उठा. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेण्याला आयकर कायद्यात बंदी आहे, शिवाय बँक कर्ज देते ते दस्तावरच्या रकमेवर. रोखीचे दहा लाख कुठून आणणार?)

रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी तक्त्यातला दर हा बाजारभाव असं समजू नका. तो मुद्रांक शुल्काच्या हिशेबासाठी असतो. बँकेचा व्हॅल्युअरही तुमच्यासाठी भाव ठरवायला येत नाही. उद्या कर्ज बुडालं तर फ्लॅट विकून पैसे निघतील का, एवढंच तो बघतो. कितीतरी कुटुंबं मंजुरीपत्र हातात घेऊन आनंदानं म्हणायची, “बँकेनं पास केलं म्हणजे भाव बरोबर आहे.” टेबलाच्या या बाजूला बसून तेव्हा फार बोलता यायचं नाही, आता बोलते: बँकेनं स्वतःची काळजी घेतलेली असते, तुमची नाही.

दुसरं काम पाण्याचं, आणि सोलापुरात ते भावाइतकंच मोठं. नळाला रोज पाणी येत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण तुम्ही बघायला गेलात ती वेळ कुणी ठरवली? एजंटानं. सकाळी साडेदहा, ऊन कोवळं, टाकी भरलेली, नळ सोडला की धो-धो. तुमचा माणूस असेल तर तो तुम्हाला एप्रिलच्या दुपारी दोन वाजता तिथं घेऊन जाईल. पश्चिमेकडच्या बेडरूमच्या भिंतीला हात लावायला सांगेल. रात्री अकरालाही ती भिंत तव्यासारखी असणार, हे त्याला ठाऊक असतं. मग बाथरूममध्ये जाऊन नळाच्या तोटीखाली बघेल. तिथं पांढरा खरपुडा जमला असेल तर इमारत बोअरच्या जड पाण्यावर चालते; गीझरची कॉइल किती वेळा बदलली ते विचारा. खाली हौद किती हजार लिटरचा, किती फ्लॅटला मिळून, मोटर कुणाच्या मीटरवर, मे महिन्यात टँकर किती येतात आणि त्याची वर्गणी कशी वाटतात, हे वॉचमनला विचारायचं असतं, मालकाला नाही. वॉचमन खरं सांगतो. फक्त दोन मिनिटं त्याच्याशी गावाकडचं बोलावं लागतं, अक्कलकोटकडचा की मोहोळचा, पाऊस झाला का.

याउलट विकणाऱ्याचा एजंट तुम्हाला उजनीची समांतर जलवाहिनी सांगेल, स्मार्ट सिटी सांगेल. होटगी रोडकडचं काही असेल तर विमानतळ सांगेल. २०२३ मध्ये विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ मध्ये गोव्याचं विमान उडालं, म्हणून तिकडच्या प्रत्येक गुंठ्याला पंख फुटलेत. विमान उडालं हे खरं, चांगलंच झालं. पण त्याचा तुमच्या हौदातल्या पाण्याशी काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाचीच. सौद्याला बसलात की मालक आणि त्याचा एजंट मधेच तेलुगूत किंवा कानडीत बोलायला लागतात. पूर्व भागात तर हटकून. त्यात लबाडी असतेच असं नाही, घरची भाषा आहे, सहज तोंडात येते. पण तुम्ही दोघं हातात बशी धरून हसऱ्या चेहऱ्यानं बसलेले असता आणि समोर “पंचेचाळीसपर्यंत सोडायचं का” हे ठरून जातं. तुमच्या बाजूला ती भाषा कळणारा माणूस हवा. त्यानं बोलायलाही नको, नुसतं एकदा तेलुगूत “पाणी द्या हो” म्हटलं तरी पुरे, पुढचं सगळं मराठीत होतं.

तिसरं काम टोकनचं. यात माणसं सगळ्यात जास्त फसतात आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. अकरा हजार, एकवीस हजार, एक्कावन्न हजार हातात ठेवतात, पावतीवर लिहितात ‘टोकन मिळाले’, संपलं. कर्ज नामंजूर झालं तर? टायटलमध्ये बहिणीचा हक्क निघाला तर? मालकाच्या फ्लॅटवर आधीच कर्ज असलं आणि मूळ कागद बँकेत असले तर? तुमचा एजंट तुमचा असेल तर तो इसारपावतीत दोन वाक्यं घालूनच घेईल: इतक्या दिवसांत कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकी हक्क निर्वेध नसल्यास पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. आणि पैसे चेकनं किंवा ट्रान्सफरनं, एजंटाच्या खात्यात नाही, मालकाच्या खात्यात. दोन्ही बाजूंचा एजंट ही वाक्यं घालायला कां-कूं करतो, कारण त्या अटींमुळे सौदा फिसकटू शकतो. फिसकटू शकतो, हेच तर तुम्हाला हवं आहे.

इथं एक गैरसमज मात्र काढून टाकते. एजंट म्हणजे वकील नव्हे, कितीही चांगला असला तरी. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूळ जमिनीचा एनए म्हणजे बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, वापर परवाना, आधीची खरेदीखतं, हे तुमच्या स्वतःच्या वकिलानं बघायचं. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचा असतो, पुन्हा तेच, तो कुणाचा हे बघा. आपल्याकडच्या आठ-दहा फ्लॅटच्या छोट्या अपार्टमेंटमध्ये हमखास एक घोळ असतो: सोसायटीही झालेली नसते आणि १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचं डिक्लरेशन, म्हणजे इमारत त्या कायद्याखाली आणल्याचा दस्त, तोही नोंदलेला नसतो. मग देखभालीचे पैसे कुणीतरी काका वहीत लिहून गोळा करतात, आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. पार्किंगचंही तसंच. “ही जागा तुमची” म्हणून खडूनं आखून दाखवतात, दस्तात तिचा शब्द नसतो. चांगला एजंट हे प्रश्न आधीच विचारून ठेवतो, म्हणजे वकिलाकडे जाण्याआधीच निम्मी घरं गळतात आणि वकिलाची फी एकाच घरावर खर्च होते.

आता पैशांचं. आपल्या एजंटालाही टक्क्यानं देऊ नका. टक्का दिला की घर जितकं महाग तितकी त्याची कमाई जास्त, म्हणजे तोही अडकला त्याच चक्रात. ठोक रक्कम ठरवा. तुमच्या बजेटला मी असते तर पस्तीस-चाळीस हजारांच्या आसपास बोलले असते. त्यातले पाच-सात हजार सुरुवातीला, घर मिळो न मिळो, परत न मागण्याच्या बोलीवर. बाकीचे खरेदीखत नोंदल्या दिवशी. सुरुवातीचे ते पाच हजार मिस्टरांना खटकतील. पण तेवढ्यासाठीच तो तुम्हाला “हे नको” म्हणू शकेल. फक्त सौदा झाल्यावरच पैसे मिळणार असतील तर चौथ्या घराला तो म्हणेलच, “आता हे घेऊन टाका हो.” जीएसटी धरून की वेगळा, तेही तेव्हाच विचारा. जीएसटी नोंदणी असेल तर अठरा टक्के वर लागतात.

कागद एक पानाचा पुरे. घेणाऱ्यांच्या वतीनं काम करणार, फी इतकी, मुदत तीन महिने. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: विकणाऱ्याकडून, बिल्डरकडून किंवा दुसऱ्या एजंटाकडून या व्यवहारात काहीही घेणार नाही, घेतल्यास ते तुम्हाला द्यावं लागेल. ही ओळ मी हवेतून आणलेली नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातच आहे की एजंटानं आपल्या मालकाला, म्हणजे इथं तुम्हाला, न कळवता त्याच कामात स्वतःचा व्यवहार केला तर त्यातला फायदा तुम्हाला मागता येतो. आपल्याकडे याची आठवण करून द्यावी लागते, कारण दोन एजंट चहाच्या टपरीवर भेटून ‘वाटून घेऊ’ म्हणणं नवीन नाही. सही करताना जो या ओळीवर अडेल, त्याला तिथूनच नमस्कार करा.

शोधायचा कसा? मोठ्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका. त्याच्याकडे विकायला आलेल्या घरांची यादी मोठी असते, म्हणजे त्याचे मालक विकणारे. गेल्या वर्षा-दोन वर्षांत ज्यांनी जुळे सोलापूर-विजापूर रोडकडे घर घेतलंय अशा शाळेतल्या, कारखान्यातल्या लोकांना विचारा, घेतल्यानंतर सहा महिन्यांनी तुम्ही त्या एजंटाला फोन केला तर उचलतो का? आणि एजंटाला भेटलात की एवढंच विचारा, “अलीकडे कुणाला तुम्ही घर घेऊ नका म्हणालात, आणि का?” जो लगेच एक-दोन इमारतींची भानगड सांगायला लागतो तो कामाचा. जो म्हणतो, “आपल्याकडे सगळं क्लिअरच असतं मॅडम,” त्याला चहा पाजून पाठवा.

महारेराची, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणी विचारा. तुमचा फ्लॅट बारा वर्षं जुना, म्हणजे महारेरा १ मे २०१७ ला आलं त्याच्या आधीचा. एजंटाची नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या व्यवहारासाठी, जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीला ती सक्ती पोचत नाही. तरी नोंदणी असलेलाच बघा, कारण २०२३ पासून महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली आहे. पास झालेला माणूस चांगलाच असेल असं नाही, पण निदान कार्पेट एरिया आणि बिल्टअप यांतला फरक तरी सांगेल. क्रमांक ‘ए’नं सुरू होतो, महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

उद्या हा फ्लॅट सोडून नव्या बांधकामाकडे वळलात तर तिथं गोष्ट आणखी सरळ असते. साइट ऑफिसमधली हसरी मुलगी बिल्डरची, आणि “आमचं कमिशन तुम्हाला काहीच नाही” म्हणून गाडीतून साइट दाखवणाराही बिल्डरचाच. त्याचे पैसे फ्लॅटच्या दरात आधीच बसलेत. तिथं निदान कायदा थोडा तुमच्या बाजूनं उभा आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

आणि हेही सांगते, प्रत्येकाला वेगळा एजंट लागतोच असं नाही. नात्यातलं घर घेताय, इमारतीत वर्षानुवर्षं भाड्यानं राहून तिची सगळी दुखणी माहीत आहेत, किंवा घरात कुणी निवृत्त, हिंडायला मोकळं आणि भाव करायला खमकं आहे, तर वकील आणि एखादा ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर पुरतो. सासरे खमके दिसतात. त्यांना इंडेक्स टू काढायला शिकवलंत तर निम्मं काम तेच करतील, आणि दुसऱ्या दलालाबद्दलचं त्यांचं बोलणंही कमी होईल.

आता तुमच्या हातातल्या फ्लॅटचं. तो तुम्हाला या एजंटानंच दाखवला. तेव्हा त्याच्या पाठीमागून मालकाला गाठायचं नाही. पैसे वाचतात असं वाटतं, पण सोलापूर केवढं! नव्या पेठेत सकाळी झालेली गोष्ट संध्याकाळी सात रस्त्याला पोचते. त्याला सरळ फोन करा: “फ्लॅट आवडलाय. रविवारपर्यंत टोकन जमणार नाही. आमच्या बाजूनं एक जण कागद आणि भाव बघणार आहे. तुमचं कमिशन मालकाकडून पूर्ण घ्या, आमच्याकडून अर्धा टक्का देऊ, तेही खरेदीखताच्या दिवशी.” तो कुरकुरेल. अर्धा टक्का म्हणजे साधारण साडेतेवीस हजार, आणि तुमच्या माणसाची फी त्याच्या वेगळी. दोन्ही मिळून साठ हजारांच्या घरात जाईल, एका एजंटाला देणार होतात त्यापेक्षा दहा-पंधरा हजार जास्त. भाव ४५ वर आला तर हे कधीच वसूल झालं. नाही आला, तरी वापर परवाना आहे की नाही आणि जमीन कुणाच्या नावावर आहे, हे कळून तरी घ्याल.

एक शेवटचं, जे तुमच्या एजंटानं सांगितलेलं दिसत नाही. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महिलांसाठी मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दस्तात मिस्टरांचं नाव जोडलं की ती जाते, सगळ्या घेणाऱ्या महिलाच असाव्या लागतात. ४६ लाखांवर ते ४६ हजार होतात. कर्जात मिस्टर सहकर्जदार राहू शकतात, पण बँकेला आधी विचारा, प्रत्येकीची पद्धत वेगळी. मात्र मिस्टर जुन्या करप्रणालीत असतील आणि व्याजाची वजावट त्यांना घ्यायची असेल, तर मालकीत त्यांचं नाव असावं लागतं. दोन्ही आकडे एका कागदावर मांडून सीएला दाखवा आणि इसारपावती कुणाच्या नावानं करायची ते ती करण्याआधीच ठरवा. नंतर नाव बदलायला गेलात की मालक नव्यानं भाव बोलायला बसतो.